बालकांची बोलकी पुस्तके आणि पालकांची भूमिका

गेल्या पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत भरलेल्या पालकांच्या सभेस उपस्थित राहण्याचा योग आला. सभेच्या अखेरीस पहिलीच्या वर्गशिक्षिकेने टॅबलेटवर एक चित्रकथा उघडून पालकांना दाखविली. पडद्यावरील कासव चालू लागले, कथेतील वाक्ये ऐकू येऊ लागली आणि उच्चारला जाणारा प्रत्येक शब्द क्षणभर रंगाने उजळू लागला. पुढे बसलेल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. पालकांच्या मुद्रेवर मात्र निरनिराळे भाव उमटले. एक माता म्हणाली, "बाई, मोबाइल हातात घेऊ नको म्हणून घरी आम्ही रोज ओरडायचे आणि शाळेत तुम्हीच तो द्यायचा, हे कसे?" एका गृहस्थाचे मत अगदी उलट होते. ते म्हणाले, "मी दिवसभर कामावर असतो. वाचून दाखवायला यंत्र मिळत असेल तर बरेच झाले." नातवासोबत आलेल्या एक वृद्ध आजी तोवर गप्प होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "यंत्र गोष्ट सांगेल हो, पण पोराने मध्येच काही विचारले, तर उत्तर कोण देणार?"

आजींना लिहितावाचता येत नव्हते. तरी ह्या विषयावर जगभर जे संशोधन गेली काही वर्षे चालू आहे, त्याचा रोख बराचसा त्यांच्या प्रश्नाकडेच आहे. लहान मुलांसाठी निघालेली ही बोलकी, हलती पुस्तके हितकर की अहितकर, असा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून ह्या पुस्तकांचे स्वरूप, त्यांविषयी पालकांच्या मनात असलेल्या शंका आणि त्यांचा योग्य वापर ह्यांचा थोडक्यात परिचय येथे करून देत आहोत.

संवादी ई-पुस्तक म्हणजे काय?

छापील पुस्तकाची पाने जशीच्या तशी पडद्यावर दाखविली, तर ते साधे ई-पुस्तक होय. संवादी ई-पुस्तक त्याच्या पुढे जाते. त्यात वाचकाच्या स्पर्शाला पुस्तक प्रतिसाद देते. चित्रातील पक्ष्यावर बोट ठेवले की तो उडतो, एखाद्या शब्दावर बोट ठेवले की त्याचा उच्चार किंवा अर्थ ऐकू येतो, कथा आपोआप वाचून दाखविली जाते. काही पुस्तकांत मुलाला स्वतःचा आवाज नोंदविता येतो, तर काहींत कथेच्या मध्ये कोडी व खेळ घातलेले असतात.

आवाज आणि उजळणारा शब्द ह्यांचा मेळ कसा बसतो, ह्याचे पुष्कळांना कुतूहल वाटते. ह्यात गूढ असे काही नाही. कोणते वाक्य वा कोणता शब्द ध्वनिफितीच्या कितव्या क्षणी सुरू होतो आणि कितव्या क्षणी संपतो, ह्याची नोंद पुस्तकाच्या फाइलमध्ये करून ठेवलेली असते. यंत्र त्या नोंदीनुसार अक्षरे उजळविते. ई-पुस्तकांसाठी २०११ साली निश्चित झालेल्या ईपब-३ ह्या प्रमाण पद्धतीत अशी सोय आहे. दृष्टी अधू असलेल्या मुलांना ह्या सोयीचा मोठा आधार होतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कल्पना जुनी, साधन नवे

मुलाने पुस्तकाला हात लावावा आणि पुस्तकाने काही करून दाखवावे, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील म्यूनिक शहरी लोथार मेगेनडॉर्फर हा चित्रकार कागदी पट्टी ओढताच हातपाय हलविणाऱ्या चित्रांची पुस्तके तयार करीत असे. संगणकाच्या युगात १९९२ साली अमेरिकेतील ब्रॉडरबंड ह्या संस्थेने मर्सर मेयर ह्यांच्या 'जस्ट ग्रँडमा अँड मी' ह्या बालपुस्तकाची संवादी आवृत्ती सीडी-रॉमवर काढली. एक लहान प्राणी आपल्या आजीबरोबर समुद्रकिनारी जातो, एवढीच तिची कथा. परंतु पानावरील जवळजवळ प्रत्येक वस्तू काही ना काही गंमत करून दाखवीत असे. २०१० साली आयपॅड बाजारात आला. माउस हाताळू न शकणारे दोन-तीन वर्षांचे मूलही आता केवळ बोटाने पान उलटू शकू लागले आणि अशा पुस्तकांना बहर आला.

आपल्या भागाला तर चित्र आणि आवाज ह्यांच्या जोडीने कथा सांगण्याची कला परकी नाही. गोव्याच्या सीमेपलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरावयाची आणि वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगावयाची, अशी ही पद्धत आहे. ह्या परंपरेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री किताब जाहीर झाला. चित्रकथीत चित्र आहे, संगीत आहे, कथाही आहे. पण त्यांच्या जोडीला श्रोत्यांच्या मुद्रा पाहून कोठे थांबावे आणि काय पुन्हा सांगावे, हे ठरविणारा माणूस समोर बसलेला आहे. संवादी ई-पुस्तकात पहिल्या तीन गोष्टी असतात. चौथी गोष्ट घरातूनच यावी लागते.

पालकांच्या मनातील शंका

ह्या पुस्तकांकडे पाहण्याची आपल्या पालकांची दृष्टी बऱ्याच अंशी करोनाच्या काळात घडली. २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हीच शाळा होऊन बसली. सत्तरी, सांगे अशा तालुक्यांतील काही गावांत नेटवर्क मिळविण्यासाठी मुलांना टेकडीवर जाऊन बसावे लागे. मुलांच्या हाती जो मोबाइल अभ्यासासाठी गेला, तो पुढे खेळांसाठी व चलच्चित्रांसाठी हातात राहिला. हा अनुभव ताजा असताना 'पडद्यावरचे पुस्तक' म्हटले की मातेच्या कपाळाला आठी पडावी, ह्यात नवल नाही.

ही चिंता आपल्यापुरतीच आहे असेही नाही. इंग्लंडमधील बुकट्रस्ट ह्या संस्थेसाठी नातालिया कुचिर्कोव्हा आणि कॅरन लिटलटन ह्यांनी आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दीड हजारांहून अधिक पालकांची पाहणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत बहुतेक पालकांचा कल छापील पुस्तकाकडेच दिसून आला. मूल पडद्यासमोर अधिक वेळ घालवील, त्याची छापील पुस्तकाची गोडी कमी होईल, त्याच्या दृष्टीस नको ते पडेल, ह्या त्यांच्या प्रमुख शंका होत्या.

पालकांचा दुसरा वर्ग ह्याच्या अगदी उलट टोकाला आहे. यंत्र शुद्ध उच्चारात वाचते, कंटाळत नाही, तीच कथा दहादा सांगते. मग आपण वेगळे वाचून दाखविण्याची गरज काय, असे ह्या वर्गास वाटते. विशेषतः ज्यांचे स्वतःचे शिक्षण थोडे झाले आहे, ते पालक आपल्यापेक्षा यंत्र बरे असे म्हणून नम्रपणे बाजूस होतात. पहिला वर्ग भयापोटी दूर राहतो आणि दुसरा विश्वासापोटी. परिणाम मात्र दोन्हींचा सारखाच होतो. मोबाइल काही घरातून जात नाही आणि मूल त्याच्यासमोर एकटेच बसते.

संशोधन काय सांगते?

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या आद्रियाना बुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली तोवर झालेल्या ४३ अभ्यासांचा एकत्रित विचार केला. त्यांत २,१४७ मुलांची माहिती होती. कथेचे आकलन आणि शब्दसंपत्ती ह्या दोन्ही बाबतींत तंत्राची जोड असलेल्या कथांचा थोडासाच, परंतु निश्चित लाभ दिसून आला. हा लाभ मुख्यतः कथेशी जुळणारी हलती चित्रे, संगीत व ध्वनी ह्यांमुळे होता. उलट, बोट लावताच काहीतरी करणारी चित्रे आणि मध्येच येणारे खेळ ह्यांचा उपयोग होत नव्हता. त्यांनी मुलांचे लक्ष कथेवरून उडत होते.

ह्याचे कारण समजण्यास सोपे आहे. लहान मुलाची एका वेळी लक्ष पुरविण्याची शक्ती मर्यादित असते. कथेत ससा झोपी जात असता चित्रातला ससा डोळे मिटून घेईल, तर कान जे ऐकतात तेच डोळे पाहतात आणि 'पेंगणे' ह्या शब्दाचा अर्थ मनात पक्का बसतो. परंतु त्याच वेळी कोपऱ्यातील फुगा फोडण्याचे आमिष दाखविले, तर मूल फुग्यामागे जाते. परत येईपर्यंत कथेचा धागा तुटलेला असतो.

२०२१ साली नॉर्वेतील स्टाव्हांगर विद्यापीठाच्या संशोधकांनी बुस ह्यांच्यासह आणखी एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात ३९ अभ्यास आणि एक ते आठ वर्षे वयाची १,८१२ मुले होती. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक जवळजवळ सारखेच असून ई-पुस्तकात केवळ आवाज व अक्षरे उजळण्याची भर असेल, तर कथेच्या आकलनात छापील पुस्तकच सरस ठरले. कथेचा आशय उलगडणारी जोड असेल, तर मात्र ई-पुस्तक पुढे गेले. पुस्तकातच शब्दकोश दिला असता मुलांचे शब्द वाढले, पण आकलनास त्याने मदत झाली नाही. ह्यातील आणखी एक निष्कर्ष पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मुलाने एकट्याने पाहिलेल्या ई-पुस्तकातील सोयींपेक्षा, वडील माणसाने छापील पुस्तक वाचताना केलेली मदत अधिक प्रभावी ठरली.

पालक जवळ असूनही काय घडते, हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. लहानग्यांसह ३७ पालकांना छापील, साधे ई आणि संवादी ई अशी तीन प्रकारची पुस्तके वाचावयास दिली. छापील पुस्तक वाचताना पालक व मूल ह्यांच्यात कथेविषयी अधिक बोलणे झाले आणि दोघांनी मिळून पुस्तक हाती धरले. ई-पुस्तकाच्या वेळी मात्र 'ते बटन दाबू नको', 'आता पान उलट' अशा सूचनांचेच बोलणे वाढले.

पुस्तक कागदी की पडद्यावरचे, हा प्रश्न म्हणून दुय्यम आहे. जे हलते व बोलते ते कथेचे आहे काय, आणि मुलाशी कथेविषयी बोलणारे कोणी जवळ आहे काय, हे दोन प्रश्न मुख्य होत.

वयाची आणि वेळेची मर्यादा

पालकांची काळजी निराधार आहे, असा ह्याचा अर्थ मुळीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकास बसून पडदा पाहावयास देऊ नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची कमाल मर्यादा आहे, आणि त्याहून कमी वेळ अधिक चांगला, असे संघटना म्हणते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एक तासाचीच मर्यादा सुचविली असून तीही वडील माणसांच्या देखरेखीखाली. हा तास सर्व प्रकारच्या पडद्यांचा मिळून आहे, हे विसरता कामा नये. दूरदर्शन संचासमोर तो खर्च झाला असेल, तर त्या दिवशी कागदी पुस्तकच उघडावे. झोपण्यापूर्वीची कथा तर कागदावरून किंवा तोंडी सांगितलेलीच बरी.

पुस्तक कसे निवडावे?

मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी वा शिक्षकांनी पुस्तक एकदा स्वतः संपूर्ण पाहावे. ते पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. बोट लावल्यावर जे घडते, ते कथेस धरून आहे काय? नसल्यास ते खेळणे आहे, पुस्तक नव्हे.

२. आवाज बंद करण्याची सोय आहे काय? कारण काही वेळा यंत्राने गप्प राहून आईने वा वडिलांनी वाचणे अधिक उपयुक्त असते.

३. पान आपोआप उलटते, की मुलाच्या इच्छेने? मुलाला थांबता आले पाहिजे.

४. जाहिराती किंवा पैसे मागणारी बटणे मध्ये येतात काय? येत असल्यास ते पुस्तक बाजूस ठेवावे.

५. ते एकदा उतरवून घेतल्यावर नेटवर्कविना उघडते काय? डोंगराळ भागात ही सोय महत्त्वाची आहे. वाचनाच्या वेळी जोडणी बंद ठेवल्यास मध्येच येणारे संदेश व फोन टळतात, हा आणखी एक लाभ.

सोबत बसून कसे वाचावे?

१९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. सुमारे दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी केवळ वाचण्याची रीत बदलावयास सांगितली. सलग वाचत न जाता थांबून प्रश्न विचारावा, मुलाने उत्तर दिले की त्यात एक-दोन शब्दांची भर घालून ते परत सांगावे, मुलास हळूहळू कथनकार होऊ द्यावे, एवढीच ती रीत होती. एका महिन्यात ह्या मुलांचे बोलणे इतर मुलांच्या मानाने लक्षणीयरीत्या पुढे गेले. ह्या रीतीस संवादी वाचन म्हणतात. पुस्तक कागदाचे असो वा पडद्यावरचे, ही रीत दोन्हीकडे लागू पडते.

ती प्रत्यक्षात आणणे अवघड नाही. पहिल्या वेळी कथा मुलास हवी तशी पाहू द्यावी. बोट लावण्याची हौस भागू द्यावी. दुसऱ्या वेळी प्रत्येक पानाशी थांबून विचारावे, "कासव असे का थांबले असेल?" मूल म्हणाले, "दमले", तर आपण म्हणावे, "हो, चढ चढून ते दमले." तिसऱ्या वेळी आवाज बंद करून कथा मुलालाच सांगावयास लावावी. शेवटी यंत्र मिटवून कथेतील एखादी गोष्ट अंगणात, परसात, शेतात शोधावी. कथेत बगळा आला असेल, तर शेतातला बगळा दाखवावा. पडद्यावरचा शब्द तेव्हाच मुलाचा स्वतःचा होतो.

आपल्याकडे आणखी एक बाब विचारात घ्यावयास हवी. अनेक घरांत बोलणे कोकणीत होते आणि शाळेतील पुस्तक मराठी असते. अशा वेळी पुस्तकातील आवाज मराठी वाक्य ऐकवितो आणि आई तेच कोकणीत समजावून सांगते. दोन्ही भाषा मुलाच्या मनात शेजारी शेजारी रुजतात. आपले मराठी शुद्ध नाही म्हणून पालकांनी मुळीच संकोच करू नये. मुलाशी जी भाषा मोकळेपणाने बोलता येते, तीच ह्या कामी योग्य होय. ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांसाठी तर बोलके पुस्तक हे उत्तम निमित्त आहे. वाचण्याचा भाग यंत्राने करावा, विचारण्याचा व सांगण्याचा भाग त्यांनी करावा. बगळा, कासव आणि पाऊस ह्यांविषयी त्यांच्यापाशी जे आहे, ते कोणत्याच पुस्तकात नसते.

साधने कोठे मिळतात?

प्रथम बुक्स ह्या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर ह्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील बालपुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत. वाचनाच्या चार पायऱ्यांनुसार त्यांची वर्गवारी केलेली आहे. काही पुस्तकांना आवाजाची जोड आहे. ही पुस्तके खुल्या परवान्याखाली असल्याने ती छापूनही घेता येतात. केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने व राष्ट्रीय पुस्तक न्यासाने २०२४ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय ई-पुस्तकालयात तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी स्वतंत्र विभाग आहे.

शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी अशी पुस्तके आधी पाहून, त्यांतील चांगली निवडून पालकांना सुचवावीत. प्रत्येक घरी योग्य साधन असेलच असे नाही. तेव्हा शाळेतील एकाच पडद्यासमोर दहा-बारा मुले बसवून, मध्ये मध्ये थांबून, कथा सामूहिक रीतीने वाचता येते. पालक सभेत एखादी कथा मुलांसह प्रत्यक्ष वाचून दाखविली, तर तासभराच्या भाषणापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. छापील पुस्तकांची बाजूही सांभाळली पाहिजे. १८३२ पासून चालत आलेल्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा, म्हणजेच आजच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचा, तसेच गावोगावच्या वाचनालयांचा लाभ पालकांनी मुलांसह घ्यावा. पडद्यावर आवडलेली कथा कागदावर पुन्हा भेटली, की मूल ती ओळखीच्या माणसासारखी जवळ घेते.

त्या सभेत आजींच्या प्रश्नाला वर्गशिक्षिकेने फार चांगले उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "उत्तर तुम्हीच द्यायचे आजी, म्हणून तर तुम्हाला बोलावले." सभा संपल्यावर ती कथा पुन्हा लावण्यात आली. ह्या खेपेस आजी नातवाला मांडीवर घेऊन टॅबलेटसमोर बसल्या होत्या. कासव चालू लागताच नातवाने काहीतरी विचारले. बाईंनी हात पुढे करून यंत्र थांबविले आणि आजी सांगू लागल्या.